चुडाव्याहून विहीणबाईंना, मानेच्या दुखण्याबाबत

मु. पो. चुडावा, ता. पूर्णा
गुरुवार, दुपारी

आदरणीय विहीणबाई सत्यशीलाबाई यांना पाथरी मुक्कामी बायनाबाईचा सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे कसे हायत? साखर उतरली का? व्याह्यांचा खोकला उन्हाळ्यात बी जात न्हाई म्हणून ऐकलं, त्यांना अडुळशाचा काढा देऊन बघा. लेकरांची, सुनांची, दारातल्या शेळीची खुशाली कळवा. इकडं मी सोडून सगळे खुशाल हायत. पत्र लिहायला खास असं कारण काई न्हाई. (सुगत म्हणला, आई, फोन लाव. तीन डाव लावला, तुमी उचलला न्हाई. चौथ्या डावाला कुणीतरी उचलला, एक उसासा टाकला अन् ठेवून दिला. उसाशाची ढब तुमचीच व्हती. लेकाच्या लग्नापासून वळखते मी ती.)

अक्षराकडं बघून हसू नका. एक तर मी साळंत गेलेली न्हाई, साक्षरतेच्या वर्गात जेवढं शिकले तेवढं शिकले. दुसरं म्हणजे हे पत्र मी उभ्यानं लिहायलीय. मान खाली जात न्हाई, म्हणून सुगतनं कपाटाच्या दारावर, माझ्या नाकासमोर, कागद चिकटपट्टीनं डकवून दिलाय. पेन असा आडवा धरला की शाई उतरत न्हाई. चार शब्द झाले की झटकावा लागतो, अन् झटकला की मानेतून जी कळ निघती ती पार कोपरापर्यंत जाती. म्हणजे ओळीला दोन कळा. आता हे पत्र किती लांब हाय ते बघा, अन् माझी काय दशा असंल ते तुमीच वळखा.

तुमच्या लेकीनं तिच्या बाजूनं सगळं सांगितलंच असंल. आता माझ्या बाजूनं ऐका. अडीच महिने झाले. आमी पूर्णेहून टमटमनं घरी येत व्हतो. मी पुढच्या फळीवर, तुमची लेक नीलम अन् आपली नात मित्रा मागच्या फळीवर. रेल्वेचं फाटक लागलं म्हणून टमटम थांबलं. थांबलं तवा मी मान मागं वळवून नीलमला कोथिंबिरीबद्दल काई सांगत व्हते. (काय सांगत व्हते ते महत्त्वाचं न्हाई. जुडी पिवळी पडलेली घेतली व्हती, आंधळ्यानं बी घेतली नसती, एवढंच.) तेवढ्यात मागून हळदीची पोती घेऊन येणारा एक पिकअप आला अन् आमच्या टमटमला टेकला. टेकला म्हणजे टेकलाच हो. ड्रायव्हरच्या तळहातावर मळलेली तंबाखू व्हती, ती सुदिक सांडली न्हाई. टोपलीतल्या कोंबड्या वराडल्या अन् गप बसल्या. टमटममधी सात माणसं व्हती, साताच्या सात हसत खाली उतरली. मी बी हसले. घरी येऊन भाकरी थापल्या, कालवण केलं, जेवले. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेले तर धड उठलं अन् डोकं उशीवरच राहिलं. कुणीतरी राती येऊन मानेत पहार ठोकून गेलं म्हणाव तसं. मला दोन्ही हातांनी आपलं डोकं धरून उचलावं लागलं. माणसानं स्वतःचं डोकं भोपळ्यासारखं उचलावं, हे दिवस बी बघायचे व्हते.

परभणीला नेलं, फोटो काढला. डॉक्टरनं फोटो खिडकीकडं धरला अन् म्हणला, आजी, हाड एकदम साफ हाय. त्याला वाटलं मी खूश व्हईन. विहीणबाई, तुमाला सांगते, मला लय वाईट वाटलं. एवढं दुखायलंय अन् आत काईच न्हाई? ज्याचं हाड मोडतं त्याला घरात मान मिळती, कुणी पाणी आणून देतं, कुणी पाय चेपतं. माझ्या फोटोत काई नव्हतं, म्हणून घरी येईपर्यंत सुगतचं तोंड सुदिक बदललं व्हतं. वाईट न्हाई बोलला. नुसतं म्हणला, बरं झालं आई, काई न्हाई निघालं. त्या ‘काई न्हाई’नं मला पिकअपपेक्षा जास्त धक्का बसला.

एक गोष्ट मात्र चांगली मिळाली, मानेचा पट्टा. पांढरा, जाड, गळ्याभवती. डॉक्टरनं सांगितलं, चार दिवस लावा, मग काढा. पण त्या चार दिवसांत समाचाराला अशा बाया आल्या, अशा बाया आल्या, की माझ्या म्हाताऱ्याच्या वक्ताला बी आल्या नव्हत्या. पट्टा दिसला की बाई दारातच ‘अगं माय गं’ म्हणायची. पट्टा काढून बसले की तीच बाई म्हणायची, बरं दिसायलंय की आता! म्हणून मी चाराचे चौदा दिवस केले. आमच्या शेजारची पार्वतीबाई तर रोज यायची. तिचं म्हणणं, त्यांच्या धवळ्या बैलाची मान अशीच धरली व्हती, जू लागून. मी विचारलं, मग काय झालं त्याचं? म्हणली, इकला. असला समाचार.

अन् दुखणं म्हणाल तर ते मानेत व्हतं तवर ठीक व्हतं. मग ते गावभर हिंडायला लागलं. खांद्यात गेलं, पाठीत उतरलं, कानाच्या मागं जाऊन बसलं. डोक्यावरचा पदर जड व्हायला लागला. (पातळ सुती पदर, विहीणबाई. चाळीस वर्षं डोक्यावरून ज्वारीची पाटी आणली, तवा काई वाटलं न्हाई.) कंगवा लावला की डोळ्यांत पाणी. गार पाण्याचा हात मानेला लागला की चटका बसल्यासारखं. मिक्सर चालू झाला की तो माझ्या मणक्यातच फिरायलाय असं वाटायचं. आमचं घर टेसनापासून हाकेवर. लग्न होऊन आले तवापासून गाड्यांच्या आवाजात झोपले, गाडी आली न्हाई तर जाग यायची. आता मालगाडी पलीकडचं लिंबगाव टेसन सोडती तवाच माझ्या मानेला कळतं. हे मी कुणाला सांगू? सांगितलं की बाया एकमेकींकडं बघतात. मी ते बघणं वळखते, कारण जन्मभर मीच तसं बघत आले. कुणाची कंबर, कुणाचं डोकं, कुणाचं अंग दुखायचं, मी म्हणायचे, कामाचा कंटाळा. आता माझी पाळी आली तर कुणी तोंडावर म्हणत बी न्हाई. म्हणलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग नीलमनं हट्ट करून मला परभणीलाच एका व्यायामाच्या डॉक्टरणीकडं नेलं. पोरगी तिशीची असंल, बोलायला शहाणी. माझ्या मानेवर कुठं कुठं बोट दाबलं, मी कुठं कुठं वराडले ते लिहून घेतलं, अन् म्हणली, आजी, तुमचं दुखणं खरं हाय. (दुखणं लागल्यापासून हे वाक्य बोललेली ती पहिली बाई. मी तिला लगेच जेवायला बोलावलं.) ती म्हणली, घरी एकदा चोर आला की कुत्रं नंतर वाऱ्याला बी भुंकतं, मांजराला बी भुंकतं, पान पडलं तरी भुंकतं. चोर कवाच गेला. तुमच्या मानेतल्या शिरा तशा झाल्यात. कुत्र्याला मारू नका, बांधून बी ठेवू नका. रोज थोडं थोडं बाहेर हिंडवा, हळूहळू गप बसंल. म्हणजे काय, तर पट्टा काढायचा, सकाळी दहा डाव अन् सांजच्याला दहा डाव मान हळूच उजवीकडं, हळूच डावीकडं, हनुवटी आत, खांदे खाली. दुखलं तरी भ्यायचं न्हाई. अन् दोन-तीन महिने धीर धरायचा.

आता तुमच्या लेकीला तर तुमी वळखता. तिला कुणी सांगितलं की झालं. पहिल्याच दिवशी तिनं माझा पट्टा ज्वारीच्या कोठीत लपवला. सकाळी भाकरीच्या आधी माझ्या मागं उभी राहायची, डोकं दोन्ही हातात धरायची अन् मोठ्यानं मोजायची. एक... दोन... मी शिव्या द्यायचे, ती मोजायची. मी तुमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचे, ती म्हणायची, सहा. असं सहा हप्ते चाललं. फरक काईच पडला न्हाई. (थोडा पडला. मागच्या दारातून कोण आलं ते मान वळवून दिसायला लागलं व्हतं. मालगाडी लिंबगावला न्हाई, फाटकाजवळ आली की कळायची. पण एवढ्याला काई फरक म्हणत न्हाईत.)

अन् मग तो बुधवार. सांजची वेळ, समाचाराला सात बाया बसलेल्या, नीलम नेहमीसारखी मागं उभी राहिली अन् तिनं मान डावीकडं वळवली. कट् झालं. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी अशी वराडले की टेसनावरची माणसं दारात आली. अन् रागाच्या भरात चार शब्द बोलले. म्हणलं, ह्या बाईनं माझी मान मोडली. म्हणलं, हिच्या आईनं हिला मुरगाळायचंच शिकवलंय. (तुमचं नाव घेतलं न्हाई. पण तिला आई एकच हाय, हे खरं.) सात बायांनी ऐकलं अन् निजायच्या आत सत्तर जणींना सांगितलं. तुमच्या लेकीनं हात धुतले, भाकरी केल्या, मला वाढलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं मित्राला घेऊन पाथरीला निघून गेली. आज एकवीस दिवस झाले.

सुगतकडून तिचा निरोप आला की आत्यानं, म्हणजे मी, त्याच सात बायांसमोर सांगावं, मान नीलमच्या हातानं बिघडली न्हाई, तरच मी येते. ऐका! सुनंनं सासूला अट घालायची, हे आमच्या वक्ताला नव्हतं. मी सुगतला सांगितलं, मी कशापायी खोटं बोलू? मेलं तरी बोलणार न्हाई. मान तिच्या हातात व्हती, कट् तिच्या हातात झालं, सगळ्यांनी बघितलं. तुमी बी आईच हायत, न्यायानं सांगा.

आता इकडची हालत. पट्टा कोठीतून काढला अन् परत लावला. एकवीस दिवस लावलाय. मान म्हणजे आता मान राहिली न्हाई, मेख झालीय. मागून कुणी हाक मारली की सबंध बैलगाडी वळवावी तशी मी वळते, तवर हाक मारणारा निघून जातो. पाय कुठं पडतो ते दिसत न्हाई, दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले. चहा पिताना अर्धा पोटात जातो, अर्धा पट्ट्यात. व्यायाम सुगत करून घेतो. त्याच्या एका हातात माझं डोकं अन् एका हातात मोबाईल. एक, दोन, पाच, नऊ, झालं आई. माझं काळीज तोंडाला येतं, त्याचा हात केव्हा सुटंल सांगता येत न्हाई. परवा डॉक्टरणीकडं गेलो तर ती पट्ट्याकडं बघतच राहिली. म्हणली, हा कुणी लावायला सांगितला? मी म्हणलं, मीच. म्हणली, आजी, एवढ्यात तुमी निम्म्याच्या वर बऱ्या व्हायला पाहिजे व्हत्या, हे तर उलटं झालं. ती सून कुठंय, मोजणारी? मी म्हणलं, माहेरी गेलीय, तिच्या आईचे गुडघे दुखायलेत. (म्हणून वर तुमच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी बोललेलं खोटं पडू नये.)

विहीणबाई, मी रडणारी बाई न्हाई. म्हातारा गेला तवा बी रडले न्हाई, आधी पाहुण्यांचं बघितलं. पण आता दुपारी घर रिकामं असतं, मी भिंतीला टेकून समोर बघत बसते, कारण दुसरीकडं बघताच येत न्हाई, अन् एकच विचार येतो, की हे असंच राहिलं तर? मराया भ्यात न्हाई मी. पण अशी खुंटीसारखी दहा वर्षं बसले, अन् फोटोत काईच न्हाई म्हणून दहा वर्षं सगळे ‘बरं दिसायलंय की’ म्हणत राहिले, तर मी कुणाला काय दाखवू?

असो. नीलमला पाठवा असं मी म्हणत न्हाई. तिची मर्जी. मित्राची साळा बुडायलीय, दुसरीतच हाय, पाढे विसरंल, एवढंच. ज्वारीला कीड लागायलीय. बाकी काई न्हाई. व्याह्यांना जयभीम सांगा. लहानांना माझा आशीर्वाद, मोठ्यांना त्यांच्या वयाप्रमाणं काय ते.

तुमची विहीण,
बायनाबाई

ता. क. (शुक्रवारी) हे पत्र राती कपाटावरच राहिलं. सकाळी सुगत शर्ट काढायला आला, त्यानं सगळं वाचलं. कपाट उघडलं, शर्ट घेतला, दार लावलं, कागद वाकडा झाला व्हता तो सरळ केला अन् कामाला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

ता. क. दुसरा (शुक्रवारीच, चहा झाल्यावर) वर बुधवारचं लिहिलंय त्यात दुपार राहून गेली. त्या दुपारी नीलम मित्राच्या साळंत पालकांच्या मिटिंगला गेलती. तवा पार्वतीबाई तिची नवी सून बबिता हिला घेऊन आली. बबिता पायाळू हाय, म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी तिचे पाय बाहेर आले. आपल्याकडं म्हणतात, पायाळूचा पाय लागला की भरलेली उसण उतरती. आता तुमाला ठाऊक हाय, दर रविवारी विहारात बायांना गंडेदोरे, उतारे, अंगारे सोडा म्हणून मीच सांगते, अन् लय कडक सांगते. पण मी मनाची समजूत घातली की ह्यात देव न्हाई, भगत न्हाई, नुसता पाय हाय. पाय काई अंधश्रद्धा न्हाई. गोधडीवर पालथी पडले. बबिता बिचारी लाजाळू. आधी माझ्या पाया पडली, मग माझ्या मानेवर पाय ठेवला, मग चुकलं म्हणून परत पाया पडली. पार्वतीबाई म्हणली, अगं, दाब की, जेवली न्हाईस का? तर तिनं दाबलं. कट् तवाच झालं, विहीणबाई. सांजच्याला न्हाई. पार्वतीबाई म्हणली, उतरलं बघा. माझ्या तोंडातून आवाज निघाला न्हाई. सांजच्याला मानेला हात लावताच नीलम मला म्हणली, आत्या, आज काई केलंय का? मानेची ही बाजू सुजलीय. मी म्हणलं, तूच केलंस.

ता. क. तिसरा (रविवारी) पट्टा काढून विहारात गेले. वंदना झाल्यावर उभी राहिले अन् सांगितलं. सातीच्या साती बाया व्हत्या, वर अजून वीस. मान नीलमनं बिघडवली न्हाई, मी पायाळूचा पाय घेतला, तिच्यावर ढकललं, असं सगळं सांगितलं. खाली बघायची सोय नव्हती, त्यामुळं प्रत्येकीचं तोंड बघावं लागलं. बाया हसायला लागल्या. हसू द्या. पण घरी जाताना त्यातल्या तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, बबिता दुपारची घरी असती का म्हणून. अशांना मी वीस वर्षं सांगायलीय.

ता. क. चौथा. आज व्यायाम मी एकटीच करायला गेले. उजवीकडं चार बोटं गेली. डावीकडं गेली न्हाई. डावीकडं वळवताना नीलम माझ्या कानामागं दोन बोटं टेकवायची, दाबायची न्हाई, नुसती टेकवायची, अन् मग भ्या कमी व्हायचं. तिथवर माझा हात जात न्हाई. सुगतला सांगितलं तर त्याला ती जागाच सापडत न्हाई. तवा तिला पाठवा. ह्यात आढेवेढे नकोत, मी वर काय लिहिलंय ते सोडून द्या. सुगत न्यायला येतो म्हणलाय, तुमी फक्त फोन उचला. अन् तिला एवढं सांगा, की दुखलं तर मी वराडणारच, ते माझ्या हातात न्हाई. पण तिच्या नावानं वराडणार न्हाई.